खळ्यात लक्ष्याची आठवण कशी करायची

16 डिसेंबरला लक्ष्मीकांत बेर्डे जाऊन किती वर्षं झाली मोजत बसू नका, 2004 साली गेला, अवघा 50 वर्षांचा, बस. आमच्याकडे देवगड साईडला तोवर भातकापणी उरकलेली असते आणि खळी नवीन सारवलेली असतात, म्हणून जागा शोधायला लागत नाही.

अख्खा पिक्चर लावायचा मोह होणार. पण गाव जमवून दाखवायचा तर हक्कवाल्यांची परवानगी लागते, आणि खरं सांगू, मोबाईलवर सगळ्यांनी शंभरदा बघितलेलाच असतो. त्यापेक्षा लोकांनाच लक्ष्याची नक्कल करायला उभं करा. दशावतारात काम करणारा एखादा तरी वाडीत असतोच, त्याला आधी सांगून ठेवा, तो सुरू झाला की बाकीचे आपोआप सुटतात. नक्कल करताना ओरडू नका हं, लक्ष्याची गंमत त्या गोंधळलेल्या चेहऱ्यात आणि डायलॉगआधी अडखळण्यात होती, नुसता आवाज काढलात तर लोक चहाला उठतात.

दव पडतं, त्यामुळे साऊंडचा मिक्सर झापाखालीच (माडाच्या विणलेल्या झावळ्यांखाली) ठेवा, आम्ही एकदा उघड्यावर ठेवला नि नऊ वाजता माईक गप्प झाला, मग काकूने तसंच बिनमाईकचं म्हटलं आणि तेच सगळ्यात भारी झालं.

शेवटी कुणीतरी 1992 च्या 'एक होता विदूषक'बद्दल बोलायला हवं, तिथे तो हसवता हसवता रडवतो. त्यानंतर लगेच गरम घावणे नि काळ्या वाटाण्याची उसळ वाढायची.