घार पकडण्याआधी: शिकारी पक्षी हलवण्याचं काम शिकणाऱ्यांसाठी

मराठवाड्यात शिकारी पक्ष्यांबद्दलच्या तक्रारी साधारण तीन प्रकारच्या असतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी घार गच्चीवर जाणाऱ्याच्या डोक्यावर झेपावते. शाळेच्या, गोदामाच्या किंवा जुन्या वाड्याच्या झरोक्यात गव्हाणी घुबड राहायला येतं आणि रात्रभर पिल्लांचे फूत्कार ऐकून माणसं धास्तावतात. आणि आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, शिक्रा कोंबडीची पिल्लं उचलतो. तिन्ही ठिकाणी मागणी एकच असते: पकडा आणि लांब सोडून या. ही मागणी बहुतेक वेळा चुकीची का असते, हे फोनवर पाच मिनिटांत पटवून देता येणं हे या कामातलं पहिलं कौशल्य आहे. पक्षी हातात धरणं त्यानंतर येतं.

पकडून सोडलेला प्रौढ पक्षी परत येतो. शिकागोच्या ओ'हेअर विमानतळावर २०१० ते २०१३ या काळात लाल शेपटीच्या ससाण्यांवर याचा नीट अभ्यास झाला. वर्षापेक्षा मोठे पक्षी पिल्लांपेक्षा कितीतरी जास्त परतले, विणीच्या हंगामात हलवलेले जास्त परतले, आणि एकदा परतलेला पक्षी पुन्हा हलवला तर पुन्हा येण्याची शक्यता आणखी वाढली. सोडण्याची ठिकाणं सुमारे ८० ते २०० किलोमीटरवर होती, पण अंतर वाढवून फारसा फायदा झाला नाही. म्हणजे संभाजीनगरची घार नांदेडला नेऊन सोडली तर डिझेल जळेल, प्रश्न तिथंच राहील. शिवाय रिकामी झालेली जागा दुसरी घार घेते, कारण तिथलं खाणं तसंच असतं. आणि घरट्यात पिल्लं असतील तर ती उपाशी मरतात.

कायदाही याच बाजूनं आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येत पकडणं येतं, तसंच पक्ष्याची अंडी किंवा घरटं विस्कटणंही येतं. पक्षी पर्यायी अधिवासात हलवायचा तर कलम १२ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. जखमी पक्षी हाती आला तर ४८ तासांच्या आत वनविभाग किंवा पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन पाठ असू द्या. 'पक्षीमित्र' लिहिलेलं ओळखपत्र म्हणजे परवानगी नव्हे, हे गळ्यात कार्ड अडकवून फिरणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावं.

घारीच्या तक्रारीत आधी घरटं शोधा. कडुलिंब, निलगिरी, नारळ, मोबाइल टॉवर. काटक्यांचा मोठा ढीग आणि त्यात लोंबणाऱ्या चिंध्या, प्लास्टिक. अंडी उबवायला साधारण महिना, पिल्लं उडायला पुढे सहा ते आठ आठवडे. सगळ्यात जास्त झेपा पिल्लं घरट्यात असताना येतात. लोकांना नेमकी मुदत सांगितली की ते थांबतात, हा यातला सर्वात उपयोगी उपाय. तोवर गच्चीवर छत्री किंवा हेल्मेट, मुलांना एकटं न पाठवणं, आणि घारीकडे तोंड ठेवून चालणं, कारण ती बहुधा मागून येते. आसपास मटणाच्या दुकानाचा कचरा उघड्यावर पडतो का, कुणी गच्चीवरून मांसाचे तुकडे फेकतं का, हेही बघा. दिल्लीतल्या घारींवरच्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात माणसांकडून खाणं मिळतं तिथं घारी घरट्याजवळ जास्त आक्रमक आढळल्या. विमानतळाजवळ तर हा जिवाचा प्रश्न आहे. विमान नियमांतला ९१ वा नियम विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कत्तल करायला आणि कचरा टाकायला मनाई करतो. संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाच्या आसपास घारी कमी करायच्या असतील तर आधी कचऱ्याच्या गाड्या कुठं रिकाम्या होतात ते शोधावं लागेल.

घुबडाचं काम सर्वात नाजूक. त्याच्याबद्दलची भीती आणि दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी होणारी चोरटी खरेदी, दोन्हींमुळे जागेचा पत्ता आणि फोटो समूहांवर टाकू नका. गव्हाणी घुबडाला विणीचा ठरलेला हंगाम नाही, त्यामुळे कॅलेंडर बघून झरोका बंद करता येत नाही. खाली पडलेल्या उलटीच्या गोळ्या बघा (न पचलेली हाडं आणि केस घुबड गोळी करून ओकतं): काळ्या, चमकदार गोळ्या ताज्या, राखाडी, भुसभुशीत जुन्या. फूत्कार येत असतील तर पिल्लं आहेत. अंडी दोन-तीन दिवसांच्या अंतरानं घातली जातात आणि पिल्लंही तशीच बाहेर येतात, म्हणून थोरलं आणि धाकटं यांच्यात दोन आठवड्यांचाही फरक पडतो. नेहमीची चूक इथंच होते. थोरली दोन उडाली की "गेली सगळी" म्हणून जाळी ठोकली जाते आणि धाकटं आत अडकतं. दोन-तीन रात्री बसून पाहा, दिवसा टॉर्च घालून कोपरे तपासा, मगच जाळी.

जाळी मारण्याच्या किमान महिनाभर आधी घुबडाच्या घरट्यासाठी पर्यायी पेटी लावलेली हवी, शक्यतो शंभर-दोनशे मीटरच्या आत. तळ ४० × ६० सेंटिमीटर, भोक १५ सेंटिमीटरचं, आणि भोकाची खालची कड तळापासून किमान ४० सेंटिमीटर वर. भोक खाली ठेवलं तर पिल्लं पंख फुटायच्या आधीच बाहेर पडतात. पेटीचं तोंड पश्चिमेच्या उन्हाकडे नको. वर पत्रा टाकायचाच असेल तर पत्रा आणि लाकूड यांत चार बोटं हवा राहू द्या. मराठवाड्याच्या मे महिन्यात बंद पत्र्याखाली पिल्लं भाजून निघतात.

घरट्यातून पडलेलं धडधाकट पिल्लू घरी न्यायचं नाही. चाळीसेक सेंटिमीटरची बांबूची टोपली, तळाला पाणी निघायला भोकं, आत काटक्या. त्याच झाडाला घरट्याजवळ तारेनं घट्ट बांधायची आणि लांबून आई-बाप येतात का ते संध्याकाळपर्यंत बघायचं. माणसाच्या वासानं आई पिल्लू टाकते, ही समजूत खरी नाही.

शिक्र्यासाठी खुराड्यावर २५ मिलिमीटरची जाड, गाठींची जाळी पुरते. पारदर्शक नायलॉन नको, त्यात पाय आणि पंख गुरफटतात.

परवानगी घेऊन पकडायचंच झालं, तर बाल-छत्री हा आपल्याकडचा जुना सापळा आजही जगभर वापरतात: तारेचा घुमट, आत आमिष, वर दोऱ्याचे सरकफास. लावलेल्या सापळ्यावरून नजर हटवायची नाही. पक्षी धरताना चोचीपेक्षा नख्यांची काळजी घ्या. वेल्डरचे चामडी हातमोजे चालतात. आधी चादरीनं डोकं झाका, मग दोन्ही पाय धरा, मधे एक बोट ठेवून. टर्किश टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत नख्या अडकतात. छाती दाबली की श्वास थांबतो, कारण पक्षी छातीचं हाड हलवूनच श्वास घेतो.

घारीला शेपटीसकट मावेल एवढं पुठ्ठ्याचं खोकं पुरतं. तारेच्या पिंजऱ्यात पिसं मोडतात आणि मोडक्या पिसांनी उडता येत नाही. तळाला गोणपाट, भोकं खालच्या अर्ध्यात, आत पाणी नाही, गाडीत गाणी नाहीत. एप्रिल-मेमध्ये प्रवास पहाटे किंवा दिवस मावळल्यावर. अशक्त पक्ष्याच्या चोचीत पाणी ओतू नका, जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं. उपाशी, शोष पडलेल्या पक्ष्याला आधी पशुवैद्याकडून द्रव, मांस नंतर. नुसत्या ब्रॉयलरच्या मांसावर वाढवलेल्या पिल्लाची हाडं वाकतात, कारण त्यात कॅल्शियम फारच कमी असतं.

मास्क आणि चष्मा लावा. २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात कोंबड्या आणि २०२५ मध्ये उदगीरला कावळे बर्ड फ्लूनं मेले. एकाच जागी अनेक पक्षी मरत असतील तर हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवा.

या कामात पोट भरण्याचे रस्ते मोजके आहेत. उपचार करायचे असतील तर पशुवैद्यकीय पदवी हवीच. परभणी आणि उदगीरला महाविद्यालयं आहेत, पुढच्या शिक्षणासाठी नागपूरचं गोरेवाडा इथलं वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र. अभ्यासाकडे ओढा असेल तर प्राणिशास्त्र, नंतर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था. ओळखीसाठी पक्ष्यांच्या पायात कडी घालणं मुंबईच्या बीएनएचएसकडून (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) शिकावं. वनरक्षक भरती किंवा एमपीएससीची वनसेवा हा तिसरा रस्ता, आणि निर्णय तिथंच होतात. कुठलाही धरा, पहिलं वर्ष वय ओळखण्यावर घालवा: लहान शिक्र्याचा डोळा पिवळा आणि छातीवर तपकिरी उभे ठिपके, मोठ्याच्या छातीवर आडव्या रेघा आणि डोळा लालसर. लहान पक्षी नव्या जागी टिकतो, म्हणून हलवण्याचा निर्णय याच ओळखीवर ठरतो.

सोडताना दिवसाचे पक्षी सकाळी, घुबडं संध्याकाळी. शहरी घार गौताळ्याच्या जंगलात सोडू नका. कचऱ्यावर जगलेल्या पक्ष्याला तिथं खायला मिळत नाही आणि जागेवर आधीच कुणी ना कुणी असतं. सोडण्याआधी दोन्ही पंख पसरून वरून आणि खालून फोटो घ्या, तुटलेली आणि नवी पिसं क्रमानं लिहा. कडी नसेल तर पिसं पुढच्या वेळी झडेपर्यंत परतलेला पक्षी ओळखण्याचा तेवढाच मार्ग असतो.