वाचलेलं वचन प्रार्थनेत कसं आणावं

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रोज शास्त्र म्हणजे बायबल वाचणारे पुष्कळ आहेत आणि रोज प्रार्थना करणारेही पुष्कळ. पण वाचलेल्यावरच प्रार्थना करणारे थोडे. मीही बारा वर्षं तसाच होतो. तीन अध्याय वाचायचे, पुस्तक मिटायचं, डोळे मिटायचे आणि कालचीच यादी म्हणायची: बाबांची शुगर, मुलीची परीक्षा, कर्जाचा हप्ता, आमेन. देव आत्ता जे बोलला त्याला माझ्याकडून उत्तरच जात नव्हतं. कुणी आपल्याशी मन मोकळं करून बोलावं आणि आपण त्यावर अवाक्षर न काढता आपलंच गाऱ्हाणं सुरू करावं, तसंच हे.

वेळ रोज एकच ठेवा, जागाही एकच. प्रभू येशू अगदी पहाटे उठून एकांतात जात असे, हे मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात आहे. पण रात्रपाळीच्या माणसाने पहाटेचा हट्ट धरू नये. बायबलमधला दानीएल संदेष्टा तर दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. छापील पुस्तक घ्या.

काय वाचायचं याबद्दल मात्र मिळणारा सल्ला फार वाईट असतो. १ जानेवारीला उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरू करून वर्षात संपूर्ण बायबल वाचा, असं नव्या माणसाला सांगतात. १,१८९ अध्याय म्हणजे दिवसाला तीनहून जास्त. निर्गम या दुसऱ्या पुस्तकाच्या उत्तरार्धात निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूची, मापं सुरू झाली की अर्धे लोक गळतात, उरलेले त्यापुढच्या लेवीयात. मग त्यांना वाटतं, आपला विश्वासच कमी. विश्वास कमी नसतो, योजना चुकीची असते. पहिल्या वर्षी मार्क घ्या. १६च अध्याय आहेत. रोज दहा-पंधरा वचनं आणि सोबत एक स्तोत्र. मार्क संपला की लूक, मग योहान. लेवीय पुढच्या वर्षी वाचा, त्याची गोडी तेव्हा कळते.

डोळे मिटून पान उघडायचं आणि बोट पडेल ते आजचं वचन मानायचं, हे कृपा करून बंद करा. वर्षाअखेरच्या उपासनेत उचललेल्या वचनाच्या कार्डावर वर्षभर विसंबून राहणंही तसंच. यिर्मया २९:११ कितीतरी घरांच्या भिंतीवर आहे: देवाचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. ते वचन खरंच आहे. पण ते बाबेलात (बॅबिलोनमध्ये) बंदिवान होऊन गेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रात आहे आणि त्याच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षांची मुदत आहे. तोवर काय करायचं तेही त्याच पत्रात सांगितलंय: घरं बांधा, बागा लावा, ज्या नगरात नेलं त्या नगरासाठी प्रार्थना करा. पत्र पूर्ण वाचणाऱ्याला धीर मिळतो. एक ओळ कापून घेणारा मार्चपर्यंत वाट पाहतो आणि देवावर रुसतो.

आता अवघड भाग. पुस्तक मिटायचं नाही. उतारा एकदा मनात वाचून झाला की दुसऱ्यांदा मोठ्याने वाचायचा आणि जिथे मन अडेल तिथे थांबायचं. अडणं म्हणजे दरवेळी आनंद होणं नव्हे. राग येतो, लाज वाटते, कळत नाही, तेही अडणंच. मग त्या वचनातला ‘तो’ काढून ‘तू’ घालायचा आणि ते वाक्य देवालाच ऐकवायचं.

हे मी कुठल्या शिबिरात शिकलो नाही. बाबा अतिदक्षता विभागात होते आणि मी बाहेरच्या बाकड्यावर स्तोत्र २३ वाचत होतो. लहानपणापासून पाठ असलेलं, शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, बक्षिसासाठी म्हटलेलं. त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आलं की सुरुवातीची तीन वचनं देवाविषयी आहेत: तो मला हिरव्यागार कुरणांत बसवतो, तो मला संथ पाण्यावर नेतो. चौथ्या वचनात मृत्युच्छायेची दरी येते आणि तिथे दावीद एकदम म्हणतो, ‘तू माझ्याबरोबर आहेस.’ कुरणात देवाविषयी बोलणारा माणूस दरीत देवाशी बोलायला लागतो. मी बारा वर्षं कुरणातच थांबलो होतो. त्या रात्री यादी म्हटलीच नाही. ‘तू इथे आहेस, या बाकड्यावर, आणि आत बाबांजवळही,’ एवढंच म्हणत राहिलो. बाबा चार दिवसांनी गेले. ती प्रार्थना वाया गेली असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

म्हणून ‘तू’ म्हणायला कचरू नका. आपण मराठीत आईला ‘तू’ म्हणतो आणि देवालाही. त्या एका शब्दात जी जवळीक आहे ती सर्वसमर्थ, सर्वज्ञ, सर्वव्यापी अशी विशेषणांची माळ लावून येत नाही. पाळकांची उपासनेतली भाषा उपासनेत शोभते. घरी घरच्या बोलीत बोला. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं, ते साध्यासुध्या बायकांना वाचून कळावं म्हणून. १९२२ साली त्या गेल्या, तोवर आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी या कामाला दिली होती. त्यांनी इतक्या कष्टाने सोप्या केलेल्या शब्दांना आपण उत्तर देताना पुन्हा अवघड करू नये.

मन कोरडं असेल त्या दिवशी काय करायचं? खोटा उमाळा आणायचा नाही. स्तोत्रं अशाच दिवसांसाठी आहेत. स्तोत्र १३ मध्ये पहिल्या दोनच वचनांत दावीद देवाला चार वेळा ‘कोठवर?’ असं विचारतो. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळ नाही, तरी ते शास्त्रात ठेवलेलं आहे. खुद्द प्रभूने वधस्तंभावर शब्द घेतले ते स्तोत्रांतलेच: ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे २२व्या स्तोत्राचं पहिलं वचन, आणि पित्याच्या हाती आत्मा सोपवण्याचे शब्द ३१व्या स्तोत्रातले. त्या घडीला त्याने पाठ असलेलं वचन वापरलं, तर आपल्याला स्वतःचे शब्द सुचत नाहीत याची लाज कशाला? स्तोत्र मोठ्याने म्हणा, येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणा आणि उठा. रडू आलं तरच प्रार्थना झाली, ही समजूत मनातून काढून टाका.

इतरांसाठीची यादी यानंतर. वारांप्रमाणे वाटून घ्या, म्हणजे घाई होत नाही. संध्याकाळी कुटुंबाबरोबर एक गीत आणि पाच वचनं पुरेत. मुलांना आळीपाळीने वाचू द्या, चुकली तरी मध्ये टोकू नका.

राहिलं वचन पाळणं. वहीत रोज एकच ओळ लिहा: आजच्या वचनामुळे आज मला काय करायचं आहे. ‘जास्त प्रेम करीन’ असलं काही लिहू नका. कुणाला फोन, कुणाचे पैसे परत, कुठलं खोटं दुरुस्त, असं लिहा. रात्री वही उघडा. झालं असेल तर खूण करा. राहिलं असेल तर दुसऱ्या दिवशी नवा उतारा घेऊ नका, तोच पुन्हा वाचा. हा नियम मी स्वतःला घातला आणि त्यानेच मला धरलं. मत्तय ६ मधल्या प्रभूच्या प्रार्थनेत ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांना ऋण सोडले आहे’ अशी ओळ आहे. ऋण म्हणजे इथे अपराध. ‘सोडू’ नाही, ‘सोडले आहे’. आणि प्रार्थना संपल्यावर प्रभू त्यातल्या या एकाच मागणीवर पुन्हा बोलतो, १४व्या आणि १५व्या वचनांत. शेताच्या बांधावरून धाकट्या भावाशी मी तीन वर्षं बोललो नव्हतो. वहीत लिहिलं, ‘त्याला फोन’. रात्री खूण करता आली नाही. दुसऱ्या दिवशी तेच वचन, तिसऱ्या दिवशी तेच. नऊ दिवस मत्तय ६ वरून मला पुढे जाता आलं नाही. दहाव्या दिवशी सकाळी, वही अजून उघडीच होती, मी फोन लावला. त्याने उचलला आणि विचारलं, ‘दादा, बरा आहेस ना?’