वेगनिर्धारक पायरी कशी ओळखावी
संतुलित समीकरणावरून वेगनियम (वेग संहतींवर कसा अवलंबून आहे ते सांगणारे सूत्र) लिहू नये. तो प्रयोगातूनच मिळवावा. नायट्रोजन डायऑक्साइड व कार्बन मोनॉक्साइड यांच्या अभिक्रियेचा वेग, सुमारे २२५ अंश सेल्सिअसखाली, पहिल्याच्या संहतीच्या वर्गाशी समप्रमाणात असतो आणि कार्बन मोनॉक्साइडवर मुळीच अवलंबून नसतो. म्हणून सर्वांत संथ, म्हणजे साऱ्या अभिक्रियेचा वेग ठरवणाऱ्या, पायरीत नायट्रोजन डायऑक्साइडचे दोन रेणू आदळून नायट्रोजन ट्रायऑक्साइड व नायट्रिक ऑक्साइड देतात, आणि पुढे तो ट्रायऑक्साइड कार्बन मोनॉक्साइडला ऑक्सिजन देऊन झटकन संपतो, असे मानावे. नाशिकच्या द्वारका चौकात वाहने तुंबली की पुढचा मोकळा रस्ता वेळ वाचवत नाही, तसेच हे. मग पायऱ्यांची बेरीज करून मध्यस्थ (एका पायरीत तयार होऊन पुढच्या पायरीत संपणारा पदार्थ, इथे ट्रायऑक्साइड) कटतो का, हे तपासावे. सारे जुळले तरी यंत्रणा, म्हणजे पायऱ्यांचा हा क्रम, ‘सिद्ध’ झाली असे लिहू नये (उत्तरपत्रिकेत तर नकोच). ती प्रयोगाशी सुसंगत ठरते, इतकेच.