आधी घड्याळ बघा, मग कपाट हलवा

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आमची बाहेरची खोली साडेदहा बाय तेरा आणि स्वयंपाकघर आठ बाय नऊ. त्यात आम्ही चौघं, गोदरेजचं कपाट, बॉक्सचा दिवाण, फ्रिज, शोकेस आणि माझं पायाचं शिलाई मशीन. ब्लाउज टाकायला येणाऱ्या बायका माप देता देता खोली न्याहाळतात आणि जाताना हमखास विचारतात, "वहिनी, खोली तर आमची पण एवढीच आहे, मग तुमच्याकडे मोकळं कसं वाटतं?" मग मी टेप घेऊन त्यांच्या घरी जाते. तिथे जे सांगते तेच इथे लिहिते आहे. नवीन फर्निचर घ्यायचं नाही, सुताराला बोलवायचं नाही. दोन हजारांच्या आत सगळं बसतं, आणि त्यातलेही निम्मे पडदे न् दिव्यांवर जातात.

आपल्याकडे सगळं सामान चारी भिंतींना लावायचं आणि मध्ये मोकळं ठेवायचं ही पद्धत पडून गेली आहे. त्याला कारण होतं. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, रात्री मधल्या जमिनीवर गाद्या पडायच्या, दिवसा त्या गुंडाळून ठेवायच्या. मधली जागा रिकामी नव्हतीच, ती रात्रपाळीला होती. आता घरात दिवाण आला, सोफा-कम-बेड आला, जमिनीवर कुणी झोपत नाही, तरी मध्ये मोकळंच. आणि त्या मोकळ्यात हळूहळू काय येऊन बसतं? कपडे वाळवायचा स्टँड, टीपॉय, एकात एक घातलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि कोपऱ्यात जागा नाही म्हणून इस्त्रीचं टेबल. म्हणून मी कुठल्याही घरात गेले की पहिला प्रश्न विचारते: रात्री खाली कोण झोपतं? कुणी झोपत असेल तर त्याची सहा बाय तीनची जागा धरूनच पुढचा विचार. कुणीच झोपत नसेल तर सगळ्या वस्तू भिंतीला चिकटवायची काही गरज नाही.

दुसरं काम कागदावरचं. वहीचं एक पान घ्या, डावीकडे पहाटे तीनपासून रात्री बारापर्यंतचे तास लिहा, आणि समोर कोण कुठे काय करतं ते लिहा. फक्त आपलं नाही, सगळ्यांचं. आमचे हे बेस्टमध्ये आहेत. पहिल्या पाळीला घरातून साडेतीनला निघतात, दुपारी येऊन जेवून झोपतात. त्याच वेळेला सासूबाईंची मालिका, माझं मशीन, आणि कॉलेजातून आलेल्या चिरंजीवांचा अभ्यास, म्हणजे मोबाइल. पान लिहून झाल्यावर दिसलं की आमच्या घराची अडचण जागेची नव्हतीच. अडचण होती दुपारी दोन ते पाच. बाकी एकवीस तास ही खोली पुरून उरते. तुमच्याकडे कदाचित सकाळी सात ते साडेआठ असेल, जेव्हा पाणी येतं, डबे भरायचे असतात आणि बाथरूमच्या दारात दोघं उभे असतात. तो अडचणीचा तास सापडला की त्या तासासाठी खोली लावा. बाकीचे तास आपोआप जमतात. टीव्ही कुठे शोभेल, पाहुणे आले तर कुठे बसतील, हे प्रश्न शेवटी. पाहुणे महिन्यातून एकदा येतात आणि चहा पिऊन जातात.

आता माप. टेप हवाच, पण त्याआधी लाद्या मोजा. नवीन इमारतींत बहुतेक दोन बाय दोनच्या लाद्या असतात (खरं तर सहाशे मिलिमीटर, दोन फुटांना किंचित कमी). चौकटीच्या वहीत एक चौकट म्हणजे एक लादी धरली की खोलीचा नकाशा पाच मिनिटांत होतो. जुन्या मोझॅकच्या लाद्या बहुधा दहा इंचांच्या असतात, तिथे एक लादी मोजून हिशेब करा. दारं कुठल्या बाजूला उघडतात ते कंसासारखी रेघ काढून दाखवा. ते विसरलं की दिवाण बसतो आणि दार अर्धंच उघडतं. मग सामान हलवायच्या आधी जमिनीवर रद्दी पसरा: दिवाणाच्या मापाची, कपाटाच्या मापाची. एक दिवस त्या रद्दीला वळसा घालून चाला. हातात पाण्याची कळशी घेऊन चाला. जिथे पाय कागदावर पडतो तिथे वस्तू नको. येण्याजाण्याच्या वाटेला किमान दोन फूट लागतात, अडीच असले तर दोन माणसं अंग चोरून एकमेकांना ओलांडतात.

काही गोष्टी हलत नाहीत, त्यांच्याशी भांडू नका. पंख्याचा हूक, मोरीचा उतार, गॅसची पाइपलाइन. पाइप गॅस असेल तर शेगडी स्वतः सरकवायची नाही, कंपनीच्या माणसालाच बोलवायचं. सिलिंडर असेल तर तो उभाच आणि शेगडीच्या पातळीच्या खाली. प्लगपॉइंट हलत नाहीत पण एक्स्टेन्शन मिळते. तिच्यावर टीव्ही, चार्जर, टेबल लॅम्प ठीक. इस्त्री, गिझर, मायक्रोवेव्ह अजिबात नाही. फ्रिज हलवायचा तर मागे चार बोटं तरी जागा सोडा. खेटून लावला की तापतो आणि बिल वाढतं. आडवा करून नेला असेल तर उभा केल्यावर काही तास थांबून मगच चालू करा. केबलवाला वायर लांबवून देतो, त्याला आधी सांगून ठेवा. नाहीतर मालिकेच्या वेळेला घरात काय होतं ते मी सांगायला नको.

आता कपाट. सगळ्यात जास्त जागा तेच खातं, म्हणून सगळ्यात जास्त काम त्याच्याकडूनच करून घ्यायचं. गोदरेजचं नेहमीचं मोठं कपाट साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि दीड फुटाहून थोडं खोल. ते भिंतीला पाठ लावून उभं असतं तेव्हा तीन फूट भिंत जाते. तेच भिंतीला काटकोनात उभं केलं, म्हणजे एक बाजू भिंतीला आणि पाठ खोलीत, तर भिंत दीड फूटच जाते आणि खोलीत तीन फुटांची आडभिंत तयार होते. आमच्याकडे त्या आडभिंतीच्या मागे दिवाण आहे. राहिलेल्या जागेत स्प्रिंगच्या वायरवर जाड पडदा. दुपारी पडदा ओढला की यांची झोप एका बाजूला, माझं मशीन दुसऱ्या बाजूला. आवाज जातोच, पण उजेड अडतो आणि कुणी पायाशी वावरत नाही.

कपाटाचं तोंड कुठे करायचं, हे पुन्हा घड्याळावरच ठरतं. मला आधी वाटलं दारं दिवाणाकडे असावीत म्हणजे बाहेरून खोली नीट दिसेल. पण मग दुपारी गिऱ्हाईक आलं की शिवलेले ब्लाउज काढायला झोपलेल्या माणसाच्या डोक्याशी जावं लागलं असतं. म्हणून दारं बाहेर, पाठ दिवाणाकडे. पाठ पत्र्याची, तिच्यावर चुंबक चिकटतात. यांचा ड्युटीचा कागद, चष्म्याची पिशवी, औषधांचं पाकीट सगळं तिथे. भिंतीत एकही खिळा नाही.

हे सगळ्यांनी करावं असं नाही. घरात कपाटाला लोंबकळणारी लहान मुलं असतील तर कपाट भिंतीलाच राहू द्या. प्लायवूडची शोकेस किंवा हलकं वॉर्डरोब असं मोकळं उभं करू नका, दार ओढलं की पुढे येतं. लोखंडी कपाटातही जड सामान, म्हणजे भांडी, कागदपत्रांच्या फायली, खालच्या कप्प्यात. दुसरी गोष्ट हवेची. छताच्या पंख्याची हवा खाली येऊन जमिनीवरून पसरते, उभं कपाट ती अडवतं. आमच्या दिवाणाच्या बाजूला आम्ही माळ्यावरचा जुना टेबलफॅन दुरुस्त करून लावला.

हलवायची रीत: कपाट पूर्ण रिकामं करा, लॉकरसुद्धा. दारं बंद करून कुलूप लावा, नाहीतर मध्येच दार उघडून तोल जातो. पायांखाली दुमडलेली जुनी चादर सरकवा आणि दोघांनी खालच्या अंगाने ढकला. वरून ढकललं की कपाट कलतं. वॉचमनला शंभर-दोनशे रुपये आणि चहा द्यायला लाजू नका, कंबर त्याहून महाग पडते. जागेवर आल्यावर दार आपोआप उघडत असेल किंवा हँडल जड जात असेल तर घाबरू नका. कपाट बिघडलेलं नसतं, लादी सपाट नसते. जो पाय डुगडुगतो त्याच्याखाली जुन्या स्लीपरच्या रबराचा तुकडा घाला. पुठ्ठा घातला तर लादी पुसताना भिजून आठवड्यात चपटा होतो.

उजेडाचं गणित सोपं आहे. उंच वस्तू अंधाऱ्या बाजूला, ठेंगण्या खिडकीजवळ. दारातून आत आलेल्या माणसाला समोर खिडकी आणि थोडी जमीन दिसली पाहिजे. जमीन जितकी दिसते तितकी खोली मोठी वाटते, म्हणून पायांच्या वस्तू बॉक्सच्या वस्तूंपेक्षा बऱ्या. पण मुंबईत बॉक्स सोडून चालत नाही हेही खरं, गोधड्या न् गणपतीचं मखर कुठे ठेवणार? तेव्हा एक बॉक्स ठेवा, दोन नको. आरसा खिडकीच्या समोरच्या किंवा बाजूच्या भिंतीवर लावा, फुकटात दुसरी खिडकी मिळते. अभ्यासाचं टेबल असं ठेवा की उजेड डाव्या हाताने येईल, म्हणजे उजव्या हाताने लिहिणाऱ्याची सावली वहीवर पडत नाही. शिलाई मशीनलाही तेच, कारण सुई डाव्या बाजूलाच असते. मशीन बंद असताना त्यावर फळी टाकली की चिरंजीवांचं टेबल. मी संध्याकाळी सहाला उठते, तो सहाला बसतो.

एल आकाराचा सोफा ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो उलटा करून खाली बघा. बऱ्याचदा दोन भाग खाचेत अडकवलेले असतात, ते सुटतात. एक भाग खिडकीशी, दुसरा दाराजवळ बूट घालायला. नवीन घेणार असाल तर माझं ऐका, घेऊ नका.

वास्तूचा विषय निघणारच. आमच्या सासूबाईंचं म्हणणं, डोकं दक्षिणेला हवं आणि देव्हारा ईशान्येला. यात वाद घालण्यापेक्षा ते धरूनच नकाशा काढलेला परवडतो, कारण अर्धी घरं याच मुद्द्यावर दुसऱ्या दिवशी पूर्ववत होतात. फक्त दिशा मोबाइलच्या होकायंत्रावर बघताना कपाटापासून लांब उभ्या राहा, लोखंडाजवळ तो भलतीच दिशा दाखवतो. आणि देव्हाऱ्याच्या वर किंवा शेजारी पडदा नको, तिथे निरांजन असतं.

पावसाचा विचार आत्ताच करा, जूनमध्ये नाही. जून ते सप्टेंबर वारा नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिमेची आणि दक्षिणेची बाहेरची भिंत ओल धरते. त्या भिंतीला लाकडी कपाट, गादी, पुस्तकं लावू नका. लावावंच लागलं तर चार बोटं अंतर सोडा. बॉक्सच्या दिवाणात डांबराच्या गोळ्या टाका आणि ऊन पडलं की झाकण उघडं ठेवा. माझी नणंद लालबागला राहते, तिच्या पोटमाळ्यावरच्या गाद्यांना दर श्रावणात बुरशी यायची. गाद्या आतल्या भिंतीकडे सरकवल्या, बाहेरच्या भिंतीला स्टीलचे डबे लावले. गाद्या बऱ्या आहेत.

घरात साडी असेल तर पडद्यांना वेगळा खर्च नको. सहावारी साडी साडेपाच मीटर, म्हणजे अठरा फूट. तिचे सहा-सहा फुटांचे तीन तुकडे होतात, दुमड धरून थोडे कमी. पन्हा पावणेचार फुटांच्या आसपास. मलमल किंवा सुती साडी घ्या, जरीच्या काठाची नको, धुऊन चुरगळते. पडद्याची दांडी खिडकीच्या चौकटीला नाही, वर, छताच्या जवळ लावा. साडी नसेल तर दादरला हिंदमाताला कापड मिळतं. दिवे, वायर, बोर्ड यांच्यासाठी क्रॉफर्ड मार्केटजवळचा लोहार चाळीचा बाजार. एक ट्यूब कमी करून कोपऱ्यात एक छोटा पिवळा दिवा लावलात तर रात्री खोलीचा थकवा जातो.

शेवटी जे उरतं त्याचं काय? उरतंच. आमच्याकडे टीपॉय आणि शोकेसचा वरचा भाग उरला. ते माळ्यावर टाकू नका, माळ्यावर गेलेली वस्तू परत खाली येते ती फक्त घर बदलताना. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाका, नाहीतर जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरवाल्यांना विचारा. भाव ऐकून वाईट वाटेल. तरी द्या.

एवढं झालं की लगेच खिळे ठोकू नका. पंधरा दिवस तसंच राहा, घरातल्या सगळ्यांच्या पाळ्या एकदा फिरून जाऊ द्या, कुरकुर ऐका, एखादी वस्तू फूटभर इकडेतिकडे करा. दांडी, आरसा, हूक यांच्या जागा पेन्सिलने भिंतीवर खुणा करून ठेवा. मग ड्रिलवाल्याला बोलवा. तो भोकामागे पैसे घेतो, पण एक भोक असलं तरी येण्याचे वेगळे मागतो. म्हणून सगळी भोकं एकाच दिवशी पाडून घ्या, आणि जमलं तर शेजारच्या वहिनींचीही त्याच फेरीत.