‘एन्टायटल’चे मराठी करताना

कायद्याच्या इंग्रजी-मराठी भाषांतराच्या कामात नव्याने येणाऱ्यांना व्याकरण येत असते आणि कोश कसा पाहावा हेही ठाऊक असते, म्हणून त्याबद्दल मी काही लिहीत नाही. मला ‘एन्टायटल’ या एकाच इंग्रजी क्रियापदाविषयी सांगायचे आहे, कारण त्याचा अर्थ मी चुकवला आणि त्याची झळ मला नव्हे, दुसऱ्यांना लागली.

सोलापुरात भाषांतराची कामे घेऊ लागल्याला दुसरे वर्ष होते. विडी कामगार स्त्रियांसाठी मातृत्व लाभाची माहिती देणारे एक इंग्रजी पत्रक मराठीत करण्याचे काम माझ्याकडे आले. मजकूर 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यावर आधारलेला होता. त्या कायद्याच्या पाचव्या कलमात प्रत्येक स्त्री लाभाला ‘एन्टायटल्ड’ असेल आणि मालक तो देण्यास ‘लाएबल’, म्हणजे बांधील, असेल, असे एकाच वाक्यात म्हटले होते. मी लिहिले, ‘प्रत्येक स्त्री मातृत्व लाभास पात्र राहील’, आणि मालकाविषयीचा भाग जागेअभावी गाळला. पत्रक छापून अशोक चौकाच्या बाजूच्या वस्त्यांत वाटले गेले.

काही महिन्यांनी त्याच वस्तीत गेलो असता एक बाई मांडीवरच्या सुपात कात्रीने पान कापता कापता मला म्हणाल्या, “पात्र म्हनजे अर्ज करायचा, आन् द्यायचं का न्हाई ते मालकाच्या मनावर, आसंच ना?” त्यांचे नाव घरकुलाच्या पात्र लाभार्थ्यांच्या यादीत कित्येक वर्षे होते आणि घर मिळाले नव्हते. पात्र या शब्दाचा अर्थ त्यांना माझ्यापेक्षा नेमका ठाऊक होता. त्यांच्या शेजारच्या दोघींनी बाळंतपणात लाभ मागितलाच नव्हता, कारण पत्रकात तो मागून घ्यायचा हक्क आहे असे कुठेच लिहिलेले नव्हते.

येथे थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण नवे भाषांतरकार नेमके येथेच घसरतात. ‘एलिजिबल’ म्हणजे पात्र: अटी पूर्ण झाल्या, आता विचार होऊ शकतो. ‘एन्टायटल’ म्हणजे हक्क देणे: अटी पूर्ण झाल्या, आता ती गोष्ट मागता येते आणि ती देणे कोणावर तरी बंधनकारक असते. संविधानाच्या अनुच्छेद 58 मध्ये राष्ट्रपतिपदासाठी पस्तीस वर्षे पूर्ण असण्याची अट आहे आणि तेथे शब्द ‘एलिजिबल’ आहे. पस्तिशी ओलांडलेल्या कोणालाही ते पद मागता येत नाही. अनुच्छेद 25 मध्ये सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याला सर्व व्यक्ती सारख्याच ‘एन्टायटल्ड’ आहेत. तेथे पात्र लिहिले, तर त्या स्वातंत्र्यासाठी कोणाकडे तरी अर्ज करावा लागेल असा अर्थ होईल. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात तर दोन्ही शब्द जवळजवळ नांदतात: कुटुंब ‘एलिजिबल’, पण प्राधान्य कुटुंबातील व्यक्ती दरमहा पाच किलो धान्याला ‘एन्टायटल्ड’, आणि ते धान्य मिळाले नाही तर राज्य सरकारकडून अन्नसुरक्षा भत्ता मिळण्यासही ‘एन्टायटल्ड’. कुटुंबाला पात्र आणि व्यक्तीला हक्कदार असे वेगवेगळे शब्द वापरले, तरच त्या कायद्याची रचना मराठीत उभी राहते.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना हा फरक अंगावर येतो. निवड यादीत नाव आले म्हणजे नेमणुकीचा अबाधित हक्क मिळाला असे होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये शंकरसन दाश यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

दुसरी गोष्ट अशी, की हक्क कशाचा आहे ते क्रियापदाच्या पुढे वाचावे. अनुच्छेद 326 नुसार अठरा वर्षे पूर्ण झालेला नागरिक, अन्यथा अपात्र नसेल तर, ‘मतदार म्हणून नोंदला जाण्यास’ हक्कदार आहे. प्रत्यक्ष मत देण्याचा हक्क 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 62 नुसार ज्याचे नाव यादीत आहे त्याला आहे. वयाची अट एकविसावरून अठरावर आणणारी एकसष्टावी घटनादुरुस्ती सर्वांना पाठ असते, पण मतदानाच्या दिवशी ओळखपत्र हातात घेऊन केंद्रावरून परतणारी माणसे हा बारकावा न कळल्यानेच परततात.

इंग्रजीत लिहिताना ‘एन्टायटल्ड फॉर’ लिहू नये, ‘एन्टायटल्ड टु’ लिहावे. आपल्या ‘साठी’मुळे आणि ‘एलिजिबल फॉर’च्या सवयीमुळे ही चूक होते. इंग्रजीत नियम, वय किंवा पास हाच कर्ता असतो आणि तो माणसाला हक्क देतो. मराठीत वाक्य फिरवून ‘पंच्याहत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांना एसटीने मोफत प्रवास करता येईल’ असे लिहावे. ‘वय त्यांना हक्क प्रदान करते’ असे मराठी कृपा करून लिहू नका. पुस्तकाला नाव देणे हा याच क्रियापदाचा दुसरा अर्थ आहे आणि त्यात कोणी फसत नाही.

एका इंग्रजी शब्दासमोर एक मराठी शब्द लिहिलेल्या झेरॉक्स याद्या अभ्यासिकांमधून फिरत असतात. माझ्याकडेही तशीच एक होती आणि ‘पात्र’ तिच्यातूनच आला होता. असल्या याद्या पाठ करून घेणाऱ्या मार्गदर्शकाला मी मार्गदर्शक मानत नाही. न्यायालयातून निवृत्त झालेले एक भाषांतरकार मला भेटले. त्यांनी प्रतिशब्द सांगण्यास नकार दिला आणि प्रत्येक ‘एन्टायटल्ड’खाली रेघ ओढून समासात ‘देणारा कोण?’ एवढे लिहायला लावले. पहिले काही आठवडे मला ते जाचक वाटले. समासात उत्तर लिहिता आले तर ‘हक्कदार’ किंवा ‘हक्क असेल’ लिहावे. लिहिता आले नाही तर मूळ मजकूर पुन्हा वाचावा. हा शब्द अवघड नाही, महिन्याभरात हात बसतो. परंतु हात बसेपर्यंत लोकांच्या हाती जाणारा मजकूर कोणा जाणत्याला दाखवल्याशिवाय छापायला देऊ नका.

पत्रकाची दुसरी छपाई मी स्वतःच्या खर्चाने करून घेतली. त्यात वाक्य असे होते: ‘बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या बारा महिन्यांत किमान ऐंशी दिवस काम केलेल्या प्रत्येक स्त्रीला मातृत्व लाभ मिळण्याचा हक्क आहे आणि तो देणे मालकावर बंधनकारक आहे.’ त्या बाईंना ते वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी कात्री खाली ठेवली आणि शेवटचे चार शब्द पुन्हा वाचायला सांगितले.