शाळाप्रवेशाची बौद्धिक चाचणी: मुलाला काय सांगावं, अहवालात काय बघावं

मी मुलांच्या बौद्धिक चाचण्या घेते. शाळाप्रवेशासाठी अहवाल हवा असलेल्या पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तयारी काय करून घेऊ?" प्रश्नांची मुळीच नको. घोटवून घेतलेलं मूल ओळखू येतं. प्रश्न पुरता संपायच्या आत उत्तर तयार, आणि तोच प्रश्न जरा फिरवला की गाडी अडली. मग तसं अहवालात लिहावं लागतं.

त्यापेक्षा कोणती चाचणी चालेल, हे शाळेला आधी विचारून घ्या. मानसशास्त्रज्ञ वेक्सलर यांच्या नावाच्या दोन चाचण्या आहेत: 'विप्सी' अडीच वर्षांपासून सात वर्षं सात महिन्यांपर्यंतच्या मुलांना देतात, 'विस्क' सहा वर्षांपासून सोळा वर्षं अकरा महिन्यांपर्यंत. साडेसहा वर्षांच्या मुलाला दोन्ही चालतात, शाळेला मात्र एकच हवी असू शकते. मुलाने तीच चाचणी अलीकडे कुठे दिली असेल तर लपवू नका. ठोकळे जुळवण्यासारख्या भागांत नुसत्या ओळखीनेही गुण वाढतात.

मुलाला "खेळायला जायचंय" असं सांगू नका; पाच मिनिटांत त्याला खरं कळतं आणि ते रुसून बसतं. असं सांगा: "एक ताई कोडी घालतील, चित्रं दाखवतील. काही सोपं असेल, काही तुला येणारच नाही. 'माहीत नाही' म्हटलं तरी चालेल." यातलं 'येणारच नाही' गाळू नका. बहुतेक भागांत प्रश्न अवघड होत जातात आणि ओळीने काही चुकले की मगच तो भाग थांबतो. म्हणजे हुशार मुलाचाही शेवट न येणाऱ्या प्रश्नांवरच होतो. शिवाय बरोबर की चूक, हे आम्ही सांगत नाही. घरी प्रत्येक उत्तराला 'शाब्बास' ऐकणारी मुलं माझ्या चेहऱ्याकडेच बघत बसतात. दोन दिवस शाब्बासकी जरा आवरा, एवढीच काय ती तयारी.

चष्मा विसरू नका. सर्दीने कान बंद असतील तर तारीख पुढे ढकला. 'विस्क'मध्ये ऐकलेले आकडे उलट क्रमाने म्हणायचे असतात, नीट ऐकू आलं नाही तर गुण जातात. मूल डावखुरं असेल तर आधी सांगा. चिन्हं भरायच्या भागात वरचा नमुना त्याच्या हाताखाली झाकला जातो, म्हणून शेजारी दुसरा कागद ठेवतात. घरी कोणती भाषा बोलता, तेही सांगा.

अहवालात बुद्ध्यांक 100 म्हणजे सरासरी. 115 च्या शेजारी 84 पर्सेंटाइल दिसेल, ते शंभरपैकी 84 गुण नव्हेत. त्या वयाच्या शंभरातली साधारण 84 मुलं त्या आकड्याच्या खाली, एवढाच अर्थ. आकड्याशेजारी दिलेला पल्लाही वाचा, म्हणजे खरा आकडा ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असण्याची शक्यता आहे ते. शाब्दिक आकलन 125 आणि कामाचा वेग 90 असेल, तर एकूण बुद्ध्यांकावर समाधान मानू नका. ही तफावत कशामुळे आणि वर्गात ती कशी दिसेल, हे चाचणी घेणाऱ्यालाच समोर बसून विचारा.

अहवाल शाळेत देण्याआधी जन्मतारीख तपासा. गुण वयावरून काढतात. तारीख चुकली तर आकडेही चुकतात.