क्रोन्सचा आजार: स्टेरॉइड उतरवण्याचे आठवडे कसे सांभाळावेत

कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने आतड्याची तपासणी) आणि बायोप्सी (तुकडा काढून केलेली तपासणी) होऊन क्रोन्सचे, म्हणजे आतड्याला दीर्घकाळ दाह होणाऱ्या आजाराचे, निदान पक्के झाले आहे, असे येथे गृहीत धरतो. आतड्याचा क्षयरोग नाही, याची खात्री मात्र डॉक्टरांकडून पुन्हा करून घ्यावी. दोन्ही आजार बहुधा लहान आतड्याच्या शेवटच्या भागातच दिसतात, आणि क्षय असताना स्टेरॉइड सुरू केले तर तो बळावतो.

स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू करणे सोपे असते. काही दिवसांत जुलाब थांबतात, भूक लागते, घरचे निर्धास्त होतात. खरी कसोटी गोळ्या उतरवताना, म्हणजे हळूहळू कमी करताना, लागते, आणि मलाही हाच टप्पा सर्वांत जड गेला.

प्रौढांमध्ये बहुधा रोज 40 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडने सुरुवात होते आणि दर आठवड्याला साधारण 5 मिलिग्रॅम कमी केले जातात. स्टेरॉइड दाह शमवते, पण आजार काबूत ठेवण्याचे काम त्याचे नाही. ते अ‍ॅझाथायोप्रिनसारख्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचे किंवा बायोलॉजिक (दाह घडवणाऱ्या ठराविक रेणूंना रोखणाऱ्या) इंजेक्शनचे असते. अ‍ॅझाथायोप्रिनचा पुरता परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात, त्यामुळे एक औषध उतरत असताना दुसरे अजून चढलेले नसते आणि नेमक्या त्याच काळात पोट पुन्हा दुखू लागते. अशा वेळी जुनी चिठ्ठी दाखवून औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडची पाकिटे आणू नयेत. हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते आणि आतल्या जखमा तशाच राहतात. याउलट, बरे वाटते म्हणून किंवा कोणी काढा सुचवला म्हणून गोळ्या एकदम बंद करणे त्याहून घातक आहे, कारण शरीराने स्वतःचे कॉर्टिसॉल (नैसर्गिक स्टेरॉइड) बनवणे तोवर मंदावलेले असते आणि रक्तदाब अचानक कोसळू शकतो.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर प्रत्येक तारखेखाली त्या दिवशीच्या गोळ्यांचा आकडा लिहावा आणि शेजारी शौचाच्या वेळा, दुखणे, ताप यांची नोंद ठेवावी. त्रास वाढला तर डॉक्टरांना विचारून शौचाची कॅलप्रोटेक्टिन (आतड्यातला दाह दाखवणारे प्रथिन) आणि जंतुसंसर्गाची तपासणी करावी. दाह खरोखर परतला आहे की दुखण्याचे कारण वेगळे आहे, हे नुसत्या अंदाजाने कळत नाही. अ‍ॅझाथायोप्रिन चालू असेल तर रक्तातील पांढऱ्या पेशींची तपासणी ठरल्या दिवशी करावीच. सुरुवातीच्या आठवड्यांत केस झपाट्याने गळू लागले तर ते या पेशी घटत असल्याचे लक्षण असू शकते, म्हणून तारखेची वाट न पाहता करावी.

आहाराविषयी एवढेच, की आतडे अरुंद झाले असेल तर मका, ओले खोबरे, संत्र्याच्या साली आणि रेषाळ भाज्या टाळाव्यात. बाकी जे पचते ते खावे. तंबाखू आणि धूम्रपान पूर्ण बंद. डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत.

पोट फुगून उलट्या होत असतील आणि वात सरत नसेल, किंवा गुदद्वाराजवळ गळू होऊन ताप आला असेल, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि तेथे पोहोचताच आपण स्टेरॉइडवर आहोत हे आधी सांगावे.